टॉवरचे पहिले पंधरा मीटर

नव्या आलिशान टॉवरची जाहिरात नीट बघा. इमारत लांबून दाखवलेली असते, बहुतेक वेळा संध्याकाळची, आणि मागे समुद्र. टोकाचा आकार, काचेवर पडलेला उजेड, उंचावरचा पोहण्याचा तलाव, सगळे स्पष्ट दिसते. खालचा भाग दिसत नाही. तिथे झाडे असतात. मी अठरा वर्षे आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले आणि अशी झाडे कितीतरी चित्रांत माझ्या हाताने लावली. साहेब सांगायचे, "खाली जरा हिरवं टाक." त्या हिरव्यामागे सात-आठ मजल्यांची गाड्यांची भिंत असायची, आणि घर विकत घेणाऱ्याला ती दाखवण्यासारखी नव्हती.

मला त्या भिंतीबद्दल लिहायचे आहे. मुंबईत नवा टॉवर उभा राहिला की मते पडतात ती त्याच्या वरच्या भागाबद्दल. फार उंच झाला, फार चकचकीत आहे, बिनकामाचे रोमन खांब लावलेत, आकार विचित्र आहे, नाहीतर मग 'काय भारी दिसतो' असे कौतुक. ही सगळी मते लांबून बघणाऱ्याची आहेत. टॉवरच्या शेजारी राहणाऱ्याला आणि त्याच्या कडेने रोज स्टेशन गाठणाऱ्याला साठावा मजला दिसतच नाही. त्याच्या वाट्याला जमिनीपासूनचे पहिले पंधरा मीटर येतात. इमारत चांगली की वाईट, हे तिथे ठरवावे असे माझे म्हणणे आहे. आणि तिथे बघितले तर गिरणगावात गेल्या पंचवीस वर्षांत उभे राहिलेले बहुतेक टॉवर, वरून कितीही देखणे असोत, नापास होतात.

आमची चाळ लालबागला होती. आता मी परळला राहते. रोजच्या वाटेवर एका टॉवरची रस्त्याकडची बाजू आहे. ती मी एकदा पावलांनी मोजली. एकशे ऐंशी पावले. एवढ्या अंतरात ना दार, ना खिडकी, ना पायरी. खाली ग्रॅनाइट लावलेला, वर लोखंडी जाळ्या, जाळ्यांवर प्लास्टिकची पाने. एका जागी पार्किंगमधली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, त्याचे तोंड फुटपाथवर. बसथांबा त्याच भिंतीला लागून, पण सावली अशी नाही. पावसात लोक रस्ता ओलांडून समोरच्या जुन्या इमारतीच्या दुकानांच्या पत्र्याखाली उभे राहतात आणि बस आली की धावत येतात. भिंतीच्या कडेला पिशवी टेकून क्षणभर थांबले तर वॉचमन येतो. वाईट बोलत नाही तो बिचारा. "ताई, पुढे व्हा, वरून ओरडतात" एवढेच म्हणतो.

कुणी म्हणेल, गिरणीलाही भिंतच होती. होती, आणि लांबच्या लांब होती. पण ती उंच कुठे होती? तिच्यावरून शेड दिसायची, चिमणी दिसायची, आतला खडखडाट ऐकू यायचा. आणि तिला गेट होते. तीन पाळ्यांत त्या गेटातून हजारो माणसे आत-बाहेर करायची, म्हणून गेटासमोर चहावाला, विडी-तंबाखूचे दुकान, भाजीची पाटी, गल्लीत खानावळ. त्या भिंतीला टेकून रस्ता जगत होता. टॉवरचे गेट गाडीसाठी आहे. काच वर करून गाडी आत जाते, बूम खाली पडतो, आणि त्या गाडीतल्या माणसाला रस्त्यावर काही विकत घ्यायचे नसते.

गणपतीत हा फरक डोळ्यांत येतो. लालबागच्या राजाच्या विसर्जन मिरवणुकीवर श्रॉफ बिल्डिंगमधून होणारी पुष्पवृष्टी मुंबईभर माहीत आहे. ती फुले टाकता येतात कारण इमारत रस्त्याला भिडून आहे आणि तिच्या खालच्या मजल्यांवर माणसे राहतात. आमच्या चाळीच्या गॅलरीतही त्या दिवशी उभे राहायला जागा नसायची. कुणाचे मामा, कुणाची नणंद, सगळे पाहुणे पहाटेपासून कठड्याला चिकटलेले. आता जिथे पोडियम, म्हणजे टॉवरच्या तळाचे गाड्यांचे मजले, आहेत, तिथे मिरवणुकीच्या दोन्ही अंगांना उभ्या असतात गाड्या, जाळीच्या आड, आठ मजले.

"खासगी इमारत आहे, ज्यांनी पैसे मोजले त्यांना आवडली की झाले, तुम्हाला काय करायचे आहे?" हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर नकाशे काढता काढताच मला मिळाले. टॉवर फक्त स्वतःच्या भूखंडावर उभा राहत नाही. मुंबई शहर भागात १९९१ च्या नियमावलीने मूळ एफएसआय दिला होता १.३३, म्हणजे हजार चौरस मीटर जमिनीवर तेराशे तीस चौरस मीटर बांधकाम. तेवढ्यात कुठलाही टॉवर होत नाही. बाकीची उंची येते ती सवलतींतून. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीच्या पुनर्विकासाचा एफएसआय, प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून मिळणारा 'फंजिबल' एफएसआय, एफएसआयमधून वगळलेले जिने आणि लिफ्टच्या लॉबी, न मोजलेले पार्किंग. बाजूला सोडायची मोकळी जागा कमी पडत असेल तर तीही प्रीमियम भरून माफ करून घेता येते. यातली एकेक सवलत शहराने दिलेली आहे. तिचा भार शहराचे रस्ते, शहराचे पाणी, शहराची मलवाहिनी उचलते. जे आपण दिले, त्याच्या बदल्यात काय मिळाले हे विचारायचा हक्क फुटपाथवरून चालणाऱ्याला आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर तर हा हक्क दुप्पट आहे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कधीच गिरणीत कामाला गेले नाहीत. पुढे १९९१ च्या नियमावलीत कलम ५८ आले: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शेडखालची जमीन वाटणीतून गेली, आणि गिरणीत बहुतेक जमीन शेडखालीच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले; मार्च २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीने तिथे विषय संपला. पण ज्या मैदानांची आणि घरांची जागा त्या बदलाने गेली, त्याच जागेवर आज हे टॉवर उभे आहेत. त्यांनी रस्त्याला निदान एक जिवंत कड द्यावी, ही मागणी मला फार मोठी वाटत नाही.

आता ही आंधळी भिंत येते कुठून ते सांगते, कारण तिला आर्किटेक्टचा दुष्टपणा कारण नाही. नियम सांगतो की मोठ्या घराला इतक्या गाड्यांची जागा हवीच. ती जागा एफएसआयमध्ये मोजत नाहीत. जमिनीखाली न्यायची तर परळ-लोअर परळचा बराचसा भाग सखल, बेटांमधली खाडी बुजवून झालेला. खणले की पाणी, पावसाळ्यात पंप, खर्च कितीतरी पट. म्हणून गाड्या वर जातात. यात गैर काही नाही. उलट पोडियमचा एक फायदाही आहे: उंच, सपाट इमारतीवर आदळलेला वारा खाली सरकतो आणि पायथ्याशी जोरात सुटतो, तो पोडियमच्या छतावर अडतो, फुटपाथवर येत नाही. पण बिल्डरला पोडियम आवडतो तो वेगळ्या कारणाने. विक्रीच्या भाषेत त्याला 'फ्लोअर राइज' म्हणतात. जितका मजला वर, तितका चौरस फुटाचा दर जास्त. खाली आठ मजले गाड्या ठेवल्या की विकायचा पहिला फ्लॅटच नवव्या मजल्यावर येतो, शेजारच्या चाळींच्या कौलांवरून पार बाहेर बघणारा. म्हणजे खालचे मजले गाड्यांना दिले जातात ते शेजार नजरेआड व्हावा म्हणूनही. त्यातच सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेच्या ताब्यात दिला तर जादा एफएसआय देणारे धोरण आले आणि पोडियम आणखी चढले. भिंतीलाच बक्षीस मिळू लागले.

मुलांचे मैदानही त्याच वाटेने वर गेले. सोसायटीने जमिनीवर सोडायची मोकळी जागा पोडियमच्या छतावर दाखवायची पद्धत पडली. मीही तशी दाखवली आहे, स्लॅबवर दीड फूट माती आणि त्यात लॉन. डिसेंबर २०१३ मध्ये दादरच्या कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमातली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची चालणार नाही. तो निकाल आला त्या दिवशी ऑफिसात धावपळ उडाली, कितीतरी नकाशे परत काढावे लागले. मला मात्र बरे वाटले होते. जमिनीवरच्या झाडाचे मूळ खाली जाते, पाऊस जमिनीत मुरतो, आणि त्या झाडाची सावली कुंपणाबाहेरही पडते.

तर मग चांगला आलिशान टॉवर असूच शकत नाही का? असू शकतो, आणि तो आपल्याच शहरात आहे. कंबाला हिलवरचे कांचनजंगा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिआंनी १९७० मध्ये त्याचे काम सुरू केले, १९८३ मध्ये इमारत पूर्ण झाली. २८ मजले, ८४ मीटर उंची, २१ मीटरचा चौरस आणि त्यात फक्त ३२ घरे. तेव्हाही ती श्रीमंतांचीच होती, आजही आहे. शिकत असताना आम्हाला ती बाहेरून बघायला नेले होते. पेडर रोडवरून मान वर केली की पांढऱ्या ठोकळ्याचे कोपरे कुणी हाताने कापून घेतल्यासारखे दिसतात. ते कोपरे म्हणजे दोन मजले उंचीच्या गच्च्या.

त्या गच्च्या शोभेच्या नाहीत. मुंबईतला पेच असा आहे की समुद्र, वारा आणि दृश्य पश्चिमेला. पण दुपारचे रणरणते ऊन आणि जून ते सप्टेंबरचा झोडपणारा पाऊसही पश्चिमेकडूनच येतो. वारा हवा, पाऊस नको. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता: घराभोवती व्हरांडा. कोकणातल्या घराला पडवी असते ती त्याचसाठी. पाऊस पडवी भिजवून थांबतो, ओटी आणि माजघर कोरडे राहते, दार उघडे ठेवता येते. गिरणगावात कोकणातून आलेल्या माणसांना हे सांगावे लागत नाही. कोरिआंनी ती पडवी उचलली आणि आकाशात नेली. गच्ची आधी ऊन-पाऊस झेलते, त्याच्या आत खोल्या, आणि घरे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून बाहेर पडतो. हा श्रीमंतांचा टॉवर आपल्या हवेला ओळखतो.

ज्या माणसाने तो बांधला, त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा अभ्यास करायला समिती नेमली होती. एकेक गिरणी सुटी न बघता सगळ्या परळचा एकत्र विचार करा, मोकळ्या जागा, रस्ते, घरे एकमेकांना जोडून आखा, असे त्या अभ्यासाचे सांगणे होते. ते अमलात आले नाही. प्रत्येक गिरणी सुटी विकली गेली, प्रत्येक भूखंडाला स्वतःचे कुंपण आले, आणि एका कुंपणातून दुसऱ्यात जाणारा रस्ता कधी झालाच नाही. आज लोअर परळमध्ये दोनशे मीटरवरच्या जागी जायला अर्धा किलोमीटर वळसा पडतो, तो यामुळे.

कांचनजंगासारखी गच्ची आज कुणी का काढत नाही? पुन्हा उत्तर नियमात आहे, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण 'बिल्डर लोभी आहेत' एवढ्यावर हा विषय सोडणे सोपे असले तरी पुरेसे नाही. २०१२ पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे यांसारख्या गोष्टी ठरावीक मर्यादेत एफएसआयबाहेर होत्या. बिल्डर त्या नकाशात दाखवून मंजूर करून घ्यायचे आणि घर विकताना खोलीत मिळवून द्यायचे. फ्लॉवर बेडमध्ये फूल कधी लागले नाही. तिथे भिंत सरकवून बेडरूम मोठी झाली. महापालिकेला हे ठाऊक होते, म्हणून जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला: हे सगळे मोजणीत धरायचे आणि त्याबदल्यात घरांसाठी ३५ टक्के फंजिबल एफएसआय प्रीमियम भरून द्यायचा. चोरी थांबवण्यासाठी तो बदल रास्त होता. पण त्याचा एक परिणाम कुणी नीट बोलून दाखवला नाही. बाल्कनीचा प्रत्येक चौरस फूट आता दिवाणखान्याच्या चौरस फुटाइतकाच महाग झाला. मग उघड्या बाल्कनीवर तो कोण घालवणार? बाल्कनी गेली, काच भिंतीच्या कडेपर्यंत आली.

त्या काचेवर पश्चिमेचे ऊन थेट पडते. वर छज्जा नाही, पुढे पडवी नाही. आत पडदे ओढायचे आणि एसी लावायचा. समुद्राच्या दृश्यासाठी कोट्यवधी मोजलेले घर दुपारभर पडद्याआड बसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एसीची गरम हवा बाहेर, पार्किंगची गरम हवा खाली, आणि दोन्हींच्या मध्ये शेजारची चाळ. यावर उपाय आहे: वाऱ्याला येऊ देणाऱ्या, आपली सावली स्वतः पाडणाऱ्या उघड्या गच्चीला मोजणीत सूट द्या आणि ती बंद केली तर दंड इतका ठेवा की कुणाची हिंमत होऊ नये. चोरी पकडायची सोय आज २०१२ पेक्षा कितीतरी सोपी आहे. ड्रोनने एका दुपारात अख्ख्या इमारतीच्या गच्च्या मोजता येतात.

पण माझा मुख्य मुद्दा खालचा आहे, तिकडे परत येते. खासगी, महाग इमारतींनी रस्त्याला काही द्यावे ही परदेशी कल्पना नाही. फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता आठवा. प्रत्येक इमारत वेगळ्या मालकाची, वेगळ्या थाटाची. कुणाचा घुमट, कुणाच्या कमानी. पण खाली सगळ्यांना मिळून एक सलग ओवरी आहे, जिच्याखालून चर्चगेट-सीएसएमटीची गर्दी पावसात कोरडी चालते. ती आपोआप झालेली नाही. १८९६ च्या नियमाने इमारतीच्या तळाशी पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडणे बंधनकारक केले होते. मालकांना वर हवी तशी हौस करायची मोकळीक, तळाशी मात्र शहराचा हक्क. सव्वाशे वर्षांपूर्वी, परकी सत्ता असताना, या शहराला हे मागता आले.

मरीन ड्राइव्हचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते, कारण त्या इमारतीही आपल्या काळातले आलिशान फ्लॅटच होते. १९३० आणि ४० च्या दशकांत बांधलेल्या. सगळ्यांची उंची जवळपास सारखी, बाल्कन्यांना गोलाई, खिडक्यांवर छज्जे, दारे थेट फुटपाथवर. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मुंबईच्या वास्तूंमध्ये त्याही आल्या. त्यांच्यासमोरच्या कठड्यावर अख्खे शहर बसते. आम्ही मुले लालबागहून रविवारी तिथे जायचो. आत राहणारे कोण आहेत हे कधी कळले नाही, पण आपण कुणाच्या तरी भिंतीशी उभे आहोत असेही कधी वाटले नाही. वर एखादी आजी बाल्कनीत बसलेली दिसायची. श्रीमंतांच्या घरासमोर परक्यासारखे वाटू नये, हे इमारतीच्या आखणीतून साधता येते; तिथे साधले आहे.

आता दाराविषयी. नकाशात दोन दारे असतात. एक लॉबीचे, दोन मजले उंच, संगमरवर लावलेले. दुसरे 'सर्व्हिस एंट्री'. ते कुठे काढायचे याला ठरलेली पद्धत होती: मागच्या बाजूला, गाड्यांच्या रॅम्पशेजारी, कचऱ्याच्या खोलीला लागून. माझी शेजारीण अशाच एका टॉवरमध्ये चार घरी काम करते. सकाळी सहाला ती गाड्यांच्या रॅम्पवरून, अंग चोरून, चढते. पास दाखवते, पिशवी उघडून दाखवते, सर्व्हिस लिफ्टसाठी गॅसच्या सिलिंडरसोबत रांगेत उभी राहते. दोन घरांच्या मध्ये अर्धा तास मोकळा असतो, तेव्हा बसायला जागा नाही. ती जिन्यात बसते. पाळीच्या दिवसांत काय करते हे तिने मला सांगितले आहे, ते इथे लिहीत नाही. सामानासाठी वेगळी लिफ्ट हवी हे मान्य. पण माणसाला सामानासोबत धरायचे ठरते ते ड्रॉइंग बोर्डवर, आणि माझ्याही हातून ते ठरलेले आहे. त्या वेळी 'ही बाई कुठून चालत येईल' असे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. याची मला लाज वाटते. एक चांगली उजेडाची खोली, दोन संडास, बसायला बाक आणि चालत येणाऱ्यांसाठी रॅम्पपासून वेगळी वाट: साठ मजल्यांच्या इमारतीत याचा खर्च लॉबीतल्या झुंबराएवढाही होणार नाही.

आणि भिंतीवरचा उपाय? तोही अवघड नाही. गाड्या पोडियममध्ये राहू द्या, पण त्यांना रस्त्यापासून सहा-सात मीटर मागे सरकवा. पुढच्या पट्टीत माणसे ठेवा: तळाला दुकाने, दवाखाना, पाळणाघर, वरच्या दोन-चार मजल्यांवर लहान ऑफिसे किंवा लहान घरे, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या असलेली. कॅनडातल्या व्हँकुव्हरने आपल्या टॉवरांच्या तळाशी रस्त्याकडे दारे असलेली घरे ठेवली आणि ती तिथली ओळखीची पद्धत झाली. आपल्याला तर एवढ्या लांब जायचीही गरज नाही; खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे ही गिरगाव-लालबागची जुनीच रीत आहे. ज्या महापालिकेने वाहनतळाला जादा एफएसआय दिला, तिने ही पट्टी मोजणीतून वगळायला हरकत नसावी. आणि मंजुरीसाठी येणाऱ्या नकाशांत एक जास्तीचा नकाशा सक्तीचा करावा: रस्त्याकडून दिसणाऱ्या पहिल्या पंधरा मीटरचा, मोठ्या मापात, दारे-खिडक्या मोजून, झाडांवाचून.

बिल्डर म्हणतील की ग्राहकाला शेजार नको असतो, सुरक्षितता हवी असते. मला हे पटत नाही. ज्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत दुकाने उघडी असतात, वर खिडक्यांत दिवे असतात, तिथून माझी मुलगी क्लासवरून एकटी येते. एकशे ऐंशी पावलांच्या त्या भिंतीच्या कडेने मी तिला येऊ देत नाही, कॅमेरे असले तरी.

हे सगळे आता घाईचे झाले आहे, कारण टॉवर हा फक्त श्रीमंतांचा प्रश्न राहिलेला नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, २०७ चाळी होत्या, १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्याला सामाईक संडास. त्या खोल्यांबद्दल गळा काढावा असे काही नाही; पहाटे पाण्याच्या रांगेत जी उभी राहिली आहे तिला विचारा. त्यांतल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आलिशान टॉवरांनी जे साचे पाडले, तेच साचे आता सगळ्यांच्या घरांना लागतात: तळाला गाड्या, वर बंद दारांचे पॅसेज. चाळीची गॅलरी ही जायची-यायची वाट होती आणि पडवीही होती, ती नव्या नकाशात कुठेच येत नाही.

बीडीडीच्या जमिनीवर विक्रीचेही टॉवर येणार आहेत, वरळीसारख्या ठिकाणचे, म्हणजे महागच. तिथे जमीन सरकारची आहे, काम म्हाडाच्या देखरेखीखाली आहे, त्यामुळे 'खासगी मालकाला कसे सांगणार' हा बहाणा तिथे चालत नाही. रस्त्याला द्यायची ही जिवंत कड तिथून सुरू करावी. वरळीच्या जांबोरी मैदानाभोवती जे उभे राहील, त्याचे खालचे पाच मजले माणसांचे असावेत, मैदानाकडे उघडणाऱ्या गॅलऱ्यांसकट. गोविंदाच्या दिवशी थर लागतील तेव्हा त्या गॅलऱ्यांतून बायका वाकून बघतील आणि कुणीतरी नेहमीप्रमाणे वरून पाण्याची बादली ओतेल.